आजोबांच्या माघारी गोठा कुणी बांधायचा?

तू विचारलंस ते आधी थोडक्यात मांडते. माहेर निपाणीचं, मराठी प्रोटेस्टंट घर. सासर खानापूरकडच्या खेड्यातलं, कोकणी बोलणारं कॅथलिक. तुम्ही दोघं बेळगावात टिळकवाडीत फ्लॅटमध्ये राहता, मुलगा 5 वर्षांचा, मुलगी अडीचची. गेल्या नाताळात 24 ला खानापूर, रात्री मिस्सा (चर्चमधली कॅथलिक उपासना), 25 ला दुपारी निपाणी, आणि घरी परत येईतो दोन्ही लेकरं तापानं फणफणलेली. यंदा मार्चमध्ये सासरे वारले. अंगणातला नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, दरवर्षी तेच बांधायचे. आता मुलगा विचारतोय, "आजोबा नाहीत तर गोठा कोण करणार?" आणि तुझा प्रश्न असा, की आपल्या चौघांच्या घराच्या म्हणून नव्या रीती पाडायच्या आहेत, तर सुरुवात कुठून करू.

मी बेळगावच्या कॅम्पात 31 वर्षं बालवाडी चालवली. जवळजवळ तितकीच वर्षं रविवारच्या शाळेत तीन ते सात वर्षांच्या पोरांना घेऊन बसले. तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

सुरुवात कुठून करायची ते तुझ्या मुलानंच सांगितलंय. गोठ्यापासून कर. यंदा एवढंच नवीन धर, बाकी सगळं पुढच्या वर्षांवर सोड. मोबाईलवर बघून दहा गोष्टींची यादी करणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या. चोवीस खिशांचं कॅलेंडर, सगळ्यांना एकसारखे स्वेटर, रोज एक खेळ. 12 डिसेंबरपर्यंत आई थकते, 15 ला चिडते, आणि लेकरांच्या लक्षात राहते ती आईची चिडचिड. रीत मोठ्यांनी ठरवली म्हणून पडत नाही गं. पुढच्या वर्षी लेकरू जे आपण होऊन मागतं, ती रीत. बाकीचं तो एक कार्यक्रम होता म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

माझंच सांगते. लहानपणी आमच्याकडे भेटवस्तू वगैरे काही नव्हतं. वर्षाला एक शिवलेला कपडा, तोही नाताळलाच. पण 25 ला पहाटे चारला वडील उठून बंब पेटवायचे. ढलप्यांचा धूर न्हाणीघरातून माजघरात यायचा, आम्हा भावंडांना एकेकाला उठवून कढत पाण्यानं आंघोळ, मग नवा कपडा, मग अंधारातच चर्चला. शेजारच्या घरांतल्या दिवाळीच्या पहिल्या आंघोळीसारखीच ती आंघोळ. वडिलांनी काही ठरवून ती रीत पाडली नव्हती. थंडी होती, चर्च सकाळी होतं, पाणी तापवणं भाग होतं. पण आजही कुठं लाकडाचा धूर आला की मला आधी नाताळ आठवतो. लहान मुलाच्या मनात सण शिरतो तो असा. नाकातून, हातातून, आणि दरवर्षी तेच त्याच क्रमानं झाल्यामुळं.

आता गोठ्याचं बोलू. यावर मी जरा लांबण लावणार आहे.

सासूबाईंना विचार, आजोबांच्या मूर्ती कुठं आहेत. बहुतेक घरांत त्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतात. ती ट्रंक तू किंवा तुझ्या नवऱ्यानं परस्पर उचलून बेळगावला आणू नका. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवारी, चौघंही खानापूरला जा आणि ती सासूबाईंच्या हातानं उघडू द्या. एकेक पुडी मुलाला सोडू दे. सासूबाईंना रडू येईल. येऊ दे. पाच वर्षांच्या मुलाला आजीचं रडू बघून काही इजा होत नाही. मोठी माणसं आजोबांचं नाव काढायचंच टाळतात, त्यानं मात्र तो गोंधळतो. "आजोबा हा मेंढपाळ नेहमी कुठं ठेवायचे?" एवढं विचारलं तरी आजी बोलायला लागतील. त्या बोलतील तेवढं बोलू दे, मधे आपण मलम लावायला जाऊ नये.

मग त्यांनाच विचार, की यंदा गोठा तुमच्या अंगणात करायचा की आमच्या बाल्कनीत, आणि त्या म्हणतील तसं कर. अंगणातच म्हणाल्या तर तुझ्या घरी पोरांचा एक छोटा वेगळा असू दे, बुटाच्या खोक्यातला. दोन गोठे झाले म्हणून काही बिघडत नाही.

माती कुठली? बेळगावच्या पोराला हे सांगावं लागत नाही. दिवाळीत आपल्याकडं गल्लोगल्ली किल्ले होतात, तुमच्या अपार्टमेंटखालीही कुणीतरी केलाच असेल. त्या किल्ल्याची माती पोत्यात भरून ठेवा. तटबंदी करणारे हात तेच, माती तीच, महिन्याभरानं तिचंच बेथलेहेम. माझ्या रविवारच्या शाळेत मी वर्षानुवर्षं हेच केलं. किल्ल्यावर अळीव पेरून हिरवळ आणायची पोरांना ठाऊकच असते, त्यामुळं गोठ्याभोवतीच्या शेताला त्यांना काही शिकवावं लागत नसे. नाताळसाठी 13-14 डिसेंबरच्या सुमारास पसरट ताटलीत माती घालून गहू किंवा नाचणी पेरा. नवरात्रात घटाभोवती धान्य उगवतं तसंच हे. आपल्याकडं डिसेंबरात गारठा असतो, म्हणून आठ-दहा दिवस धरावेत, ताटली दिवसा उन्हाला ठेवावी. अडीच वर्षांच्या लेकीचं काम हेच, रोज सकाळी पाणी शिंपडायचं. वाटीनं ओतू देऊ नकोस, बी वाहून जातं. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून दे. पहिला हिरवा कोंब दिसेल त्या सकाळी ती सगळ्यांना ओढत ओढत बाल्कनीत नेईल बघ.

मूर्तींतली मेंढरं पोरांच्या हातची असू देत. खानापूर कुंभारकामासाठी पहिल्यापासून नावाजलेलं, तिथली माती चांगली. येताना कुंभाराकडून किलोभर मळलेली माती मागून घ्या आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवा. पाच वर्षांच्या मुलाचं मेंढरू बटाट्यासारखं होईल, त्याला तीनच पाय असतील. ते तसंच ठेवायचं. तू रात्री बसून नीट करू नकोस. सकाळी त्याला कळतं, आणि पुढच्या वर्षी तो "तूच कर" म्हणून बाजूला होतो.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पोरांना खरा गोठा दाखव. शहरातल्या लेकरांना गव्हाण म्हणजे काय ते माहीतच नसतं. बाळ येशूला गव्हाणीत निजवलं हे आपण दरवर्षी म्हणतो आणि पोरांच्या डोळ्यांपुढं चकचकीत पाळणा असतो. खानापूर भागात डिसेंबरात भाताची सुगी आटपत आलेली असते, ताजं पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, असतं. सासरच्या गावात कुणाच्या तरी दावणीला गाई-म्हशी असतीलच. संध्याकाळी धारेच्या वेळी घेऊन जा. शेणाचा वास, जनावराच्या श्वासाची ऊब, पिंजर टोचतं ते, सगळं त्यांना स्वतः कळू दे. मग फक्त एवढं म्हण, "बाळाला असल्या गव्हाणीत ठेवलं होतं, दुसरी जागाच मिळाली नव्हती." माझ्या वर्गातली एक चार वर्षांची पोर यावर म्हणाली होती, "मग त्याला टोचलं असेल की." तिच्या रुमालाची घडी तिनं आमच्या गोठ्यात अंथरली. त्या दिवसापासून आमच्या शाळेत दरवर्षी कुणीतरी रुमाल द्यायचा हे ठरूनच गेलं. इटलीत ग्रेच्चो गावी 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसनं नाताळचा गोठा उभा केला, तेव्हाही खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवतच होतं. लोकांना ती गरिबी डोळ्यांनी दिसावी, हाच त्याचा हेतू.

बाळाची मूर्ती 24 च्या रात्रीपर्यंत ठेवायची नाही. गव्हाण रिकामी. बाळाला भेटायला दुरून आलेले तीन राजे घराच्या दुसऱ्या टोकाला, तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेव आणि रोज थोडे थोडे पुढं सरकव. फ्रीजवर, शोकेसवर, टीव्हीजवळ करत 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ते गोठ्यापाशी पोचतात. याला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही, आणि पोरं सकाळी उठून आधी राजे कुठं आहेत ते शोधतात. मी जेवढ्या आयांना हे सांगितलं, तेवढ्यांच्या घरी ते टिकलं. याचा मला अभिमान आहे.

आता दोन घरांचा प्रश्न. आपल्या भागात दोन्ही तऱ्हेचा नाताळ आहे, त्याला इतिहास आहे. प्रोटेस्टंटांच्या लंडन मिशनचे पाद्री 1820 मध्ये बेळगावात आले, पुढं ते काम मेथडिस्टांकडं गेलं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 चा. त्याआधी इकडच्या बऱ्याच कॅथलिकांचा संबंध थेट गोव्याच्या आर्चबिशपांशी. 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला. म्हणून तुझ्या माहेरी लाडू-चकली आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी गीतं, सासरी कुसवार म्हणजे नाताळचा फराळ आणि कोकणी कांतारां म्हणजे गाणी. लेकरांना हे दोन्ही मिळणं ही त्यांची मोठी कमाई आहे, ओढाताण फक्त एका दिवसात दोन्ही बसवण्याची आहे. तर ते बसवू नका. नाताळ 25 ला संपत नाही, 6 जानेवारीपर्यंत तोच काळ आहे. यंदा 24-25 खानापूरला घालवा, सासूबाईंचा नवऱ्यामाघारी पहिला नाताळ आहे, त्यात दुसरा विचारच नको. निपाणीला पुढच्या रविवारी जा आणि दोन रात्री राहा. पुढच्या वर्षी उलट.

हे तुझ्या आईला तू सांग आणि सासूबाईंना तुझ्या नवऱ्यानं सांगावं. सुनेच्या तोंडून आलेला निरोप वेगळाच ऐकू येतो, मग घर कितीही चांगलं असो. सांगायचं नोव्हेंबरातच, समोर बसून. आणि सांगताना काहीतरी मागायचं: "आई, तुमची ही एक गोष्ट यंदा पोराला तुम्ही शिकवा." आजीला मान हवा असतो, तारखेचा तिचा एवढा हट्ट नसतो.

मध्यरात्रीच्या मिस्सेला अडीच वर्षांच्या मुलीला नेऊ नकोस. तिची झोप आठची, डिसेंबरातलं खानापूर, उघड्या मैदानात मांडलेल्या खुर्च्या. गेल्या वर्षीचा ताप तिथूनच आला असावा. बहुतेक ठिकाणी 25 च्या सकाळीही मिस्सा असते, तिला जा. पोरानं हट्ट केला तर त्याला एकट्याला त्याच्या बाबांबरोबर पाठव, दुपारी झोपवून. "मी मोठा झालो म्हणून मला नेलं" हे त्याच्या मनात कायम राहील, आणि धाकटीला पुढं वाट बघायला काहीतरी उरेल. सगळ्यांनी सगळं एकदमच करायचं असं नाही. वय वाढेल तसं एकेक दार उघडावं.

कुसवारमधलं लहान पोरांचं काम म्हणजे कुलकुल. नेवऱ्या आणि दोदोल सासूबाईंवर सोड, दोदोल ढवळताना पोरं चुलीजवळ नकोतच. अर्धा किलो मैद्याला तीन-चार मोठे चमचे गरम तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, आणि लागेल तसं नारळाचं दूध घालून घट्ट मळायचं. तासभर झाकून ठेवायचं. बोराएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि गुंडाळायची. आमच्या घरी त्यासाठी नवी कोरी फणी दरवर्षी विकत आणत. पाच वर्षांच्या मुलाला हे जमतं. धाकटीला कणकेचा वेगळा गोळा दे, तिचा तो पाचव्या मिनिटाला काळा होईल, तिचा तिलाच असू दे. तळण तू एकटीनं, पोरं झोपल्यावर. शेवटी साखरेच्या पाकात घोळवलं की झालं. धाकटीला अख्खे काजू-शेंगदाणे देऊ नकोस, या वयात ते श्वासनलिकेत अडकतात.

ताटं मात्र पोरांनीच न्यायची. दिवाळीत तुमच्या मजल्यावरून फराळ आला असेल, रमजान ईदला शिरखुर्मा आला असेल. ती ताटं आता भरून परत जातात. पोरानं दार वाजवायचं, ताट दोन्ही हातांनी द्यायचं, तोंडानं बोलायचं. कानडी शेजारणीकडं कानडीत, आपल्याकडं मराठीत. बेळगावच्या पोराला हे तीन-चार भाषांचं वैभव असंच दारोदार फिरून येतं. तुमच्याकडं घरकामाला कुणी येत असेल तर तिचं ताटही तेच, तेवढंच आणि पहिल्या फेरीत. उरलंसुरलं बांधून देणं पोरं बघतात आणि तेही शिकतात.

सांताचं काय, असं तू शेवटी घाईत विचारलंयस. इथं मी स्वतः चुकलेली आहे. माझा थोरला चार वर्षांचा असताना मी महिनाभर "सांता येणार, सगळं बघतोय, रडलास तर काही देणार नाही" असं बोलत राहिले. कार्यक्रमात मुखवटा आणि कापसाची दाढी लावून एकजण आला आणि माझ्या पोराला उचलून घेतलं. तो असा किंचाळला की मला अजून ऐकू येतं. पुढची दोन वर्षं नाताळच्या कार्यक्रमाला तो दाराबाहेरच थांबायचा. धाक मी घातला होता, त्याचं फळ त्यानं भोगलं. तेव्हापासून मी पोरांना निकोलसची गोष्ट सांगते. चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. दंतकथा अशी, की एका गरीब बापाला तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत, आणि निकोलसनं रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. हुंडा म्हणजे काय ते आपल्या पोरांना फार समजवावं लागत नाही, हे दुर्दैव. पण गोष्ट त्यामुळं लगेच पोचते. त्याचा सण 6 डिसेंबरला. त्या दिवशी तुझ्या मुलाला कुणासाठी तरी गुपचूप काहीतरी करू दे. वॉचमनकाकांच्या खुर्चीवर संत्रं ठेवून पळून यायचं, एवढंही पुरे. तो सांताला मानतो का, हे मग तितकं महत्त्वाचं राहत नाही. खरंच विचारलं, तर खोटं सांगू नकोस.

भेटवस्तू आईबाबांकडून एकच. आत्या-मामांकडून येतील त्या रोज एक अशा उघडायच्या, राजे पोचेपर्यंत. गेल्या वर्षी सतरा पुड्या एका तासात फाडल्या असं तू लिहिलंस. त्यातलं काय आणि कुणी दिलं, हे मुलाला आठवतंय का ते विचारून बघ.

ताऱ्याचं फार बोलत नाही. आकाशकंदिलाच्या कामट्या आहेतच, पतंगी कागद खडे बाजारात मिळतो, खळ घरी शिजवता येते. आत छोटा एलईडी बल्ब लावा, मेणबत्ती नको.

31 च्या रात्री सरत्या वर्षाचा पुतळा जाळतात तो ओल्डमॅन, हा तर आपल्या गावचाच. पोरगा मागणार, कारण कॅम्पात ते रांगेनं विकायला उभे असतात. विकतचा नको. त्यात फटाके भरतात आणि अडीच वर्षांची मुलगी शेजारी. बाबांच्या फाटक्या शर्टात पिंजर भरून हातभर उंचीचा घरीच करा, फटाक्यांशिवाय. मध्यरात्रीपर्यंतही थांबायला नको, खाली मोकळ्या जागेत आठ वाजता जाळा आणि बादलीभर पाणी जवळ ठेवा. एक मात्र सांभाळ. ओल्डमॅन म्हणजे म्हातारा, आणि आजोबा यंदाच गेलेत. पोराच्या मनात काय जोडलं जाईल ते सांगता येत नाही. आधी विचार त्याला. त्यानं नको म्हटलं, किंवा तो गप्प बसला, तरी यंदा राहू दे.

6 जानेवारीला राजे पोचले की दुसऱ्या दिवशी आवराआवर. घाईनं रात्री एकटीनं आवरू नकोस, तीही पोरांसोबतच. प्रत्येक मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळायची, आणि त्या वर्षी पोरानं केलेलं मेंढरू खाली वर्ष लिहून आजोबांच्या मूर्तींच्या शेजारी ठेवायचं. ट्रंक सासूबाईंच्या घरीच परत. एखादा पाय तुटला असेल तर तो वेगळ्या कागदात बांध, त्यावर "मेंढपाळाचा उजवा पाय" असं लिही, पुढच्या वर्षी चिकटवता येतो. गव्हाचे कोंब कुंडीत लावा. आणि पिंजर ट्रंकेत घालू नका, उंदीर होतात. पिशवीत भरून गावी न्या आणि ज्या गोठ्यातून आणलं तिथल्या गाईपुढं मुलांना आपल्या हातानं टाकू द्या.